मोटारीला नाही म्हणणाऱ्या डोंगरात सायकल

स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या ग्राउब्युंडेन या कँटनने, म्हणजे इथल्या राज्याने, १९०० साली आपल्या सगळ्या रस्त्यांवर मोटारगाडीला बंदी घातली. बंदी पंचवीस वर्षं टिकली. धूळ उडते, टपालगाडीचे घोडे बुजतात, अरुंद घाटात माणसं मरतील, रस्ते दुरुस्त करायचा खर्च आमच्या डोक्यावर, आणि इकडे आम्ही एवढा पैसा ओतून रेल्वे बांधतोय ती कशाला, असे सगळे मुद्दे निघाले. बंदी ठेवावी की उठवावी यावर एकूण दहा वेळा मतदान झालं, बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’च आलं, आणि २१ जून १९२५ ला एकदाची मोटारीला वाट मिळाली. मतदान अर्थात पुरुषांचं. स्विस बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळायला १९७१ उजाडलं, त्यामुळे ‘लोकांनी ठरवलं’ हे जरा जपूनच वाचायचं.

त्याच कँटनमधल्या एंगाडीन खोऱ्यात मी उन्हाळ्यात सायकल घेऊन जाते. मोटारी नाहीत असं समजून कुणी आलं तर सेंट मॉरिट्झच्या मुख्य रस्त्यावरच त्याचा भ्रमनिरास होईल. जगातल्या महागड्या गाड्या तिथे नुसत्या मिरवायला आणलेल्या असतात. पण डांबरी रस्ता खोऱ्याच्या एका कडेने जातो आणि पलीकडच्या कडेने, झाडीतून, मुरमाचे रस्ते जातात. सायकलवाल्यांसाठी म्हणून ते कुणी बांधलेले नाहीत. गवत आणायला, लाकूड उतरवायला, उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांवर न्यायला ते लागतात, म्हणून ते दरवर्षी दाबून-दुरुस्त करून ठेवलेले असतात. म्हणजे ट्रॅक्टर भेटतो. तो दिसला की बाजूला थांबायचं, कारण तो कामावर असतो आणि आपण हुंदडायला आलेलो असतो.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर जाड, चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरचे, आणि हवा जरा कमी. अशा रस्त्याला ती अगदी फिट बसते. माउंटन बाइकची गरज पडत नाही, साध्या रेसिंग सायकलचे मात्र हाल होतात.

झ्युरिकहून निघायचं, कूरला मोठ्या गाडीतून उतरून ऱ्हेटिशे बान या इथल्या डोंगरी रेल्वेच्या लाल मीटरगेज गाडीत सायकल चढवायची. सायकलीचं वेगळं तिकीट लागतं. आल्बुलाच्या बोगद्यातून बाहेर आलं की आपण एकदम सतराशे-अठराशे मीटरवर. खोरं मात्र सपाट, इतकं की समेदानला विमानतळसुद्धा आहे.

इथे सायकल चालवायची तर नकाशाच्या आधी वारा समजून घ्यावा लागतो. डोंगरी खोऱ्यांत दिवसा वारा साधारणपणे खालून वर वाहतो. एंगाडीनमध्ये उलटं. खोऱ्याच्या वरच्या टोकाला, मालोयाला, डोंगराची भिंतच नाही. तिथून पलीकडे इटलीच्या बाजूला जमीन धाडकन खाली उतरते, आणि तिकडची तापलेली हवा खिंडीवरून आत सांडते. स्वच्छ ऊन असेल तर दुपारच्या आसपास हा मालोया वारा सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत खोऱ्यातून खाली वाहत राहतो. सिल्व्हाप्लानाच्या तळ्यावर पतंगाला लटकून पाण्यावर सरकणारी मंडळी त्याचीच वाट बघत बसलेली असतात. सायकलवाल्याने सकाळी तळी आरशासारखी असताना मालोयाच्या दिशेला, सिल्स गावाकडे जावं, जेवावं आणि दुपारी पाठीवर वारा घेऊन परतावं. उलटं केलंत तर सपाट रस्त्यावर घाट चढल्यासारखं वाटेल.

सेंट मॉरिट्झ बाडपासून शांफेर, सुरलेय करत सिल्सपर्यंतचा हा जंगलाच्या कडेचा दहा-बारा किलोमीटरचा पट्टा सर्वांत सोपा, आणि माझा सर्वांत आवडता. सुरलेयजवळ पाण्याच्या काठी एक भलामोठा त्रिकोणी धोंडा आहे. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे सिल्सला उन्हाळ्यात राहायचा, रोज मैलोन्‌मैल चालायचा. जे घडतं ते अनंत वेळा पुन्हा तसंच घडत राहतं, हा विचार त्याला १८८१ च्या ऑगस्टमध्ये या धोंड्यापाशी सुचला. माझ्या माहितीतले बहुतेक सायकलवाले तिथे केळं खातात. सिल्सच्या पुढे तळ्याकाठची वाट अरुंद होत जाते आणि चालणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून मी तिथूनच वळते.

व्हाल रोझेग हे बाजूचं खोरं मात्र खऱ्या अर्थाने मोटारबंद. पोंट्रेसीना स्टेशनपासून सातेक किलोमीटर आत, चढ दोनशे मीटरच्या आसपास, आणि टोकाला हिमनद्यांसमोर एक हॉटेल. ज्यांना चालवत नाही ते घोडागाडीने जातात. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून माथेरानला चढलेल्या माणसाला इथे काही नवल वाटणार नाही, लिदीचा वाससुद्धा तोच. फरक एवढाच की इथे चालणाऱ्यांची वाट ओढ्याच्या पलीकडून वेगळी काढली आहे, त्यामुळे घोडे आणि सायकली एका रस्त्यावर, माणसं दुसऱ्या. घोडागाडीला मागून गाठलंत तर घंटी दणादणा वाजवू नका. आधी आवाज द्या, गाडीवान हात करेल तेव्हा पुढे व्हा. घोडे बुजतात ही १९०० सालची तक्रार अजून खरी आहे.

पोंट्रेसीनाहून मोर्तेराचपर्यंतही असाच सोपा रस्ता आहे. मोर्तेराच स्टेशनवर मी सायकलला कुलूप लावते आणि हिमनदीकडे चालत जाते. वाटेत सालांच्या पाट्या आहेत, त्या-त्या वर्षी बर्फाचं टोक कुठे होतं ते दाखवणाऱ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही हिमनदी अडीच किलोमीटरपेक्षा जास्त मागे गेली आहे. सुरुवातीच्या पाट्या गवतात-झाडीत आहेत, अलीकडच्या नुसत्या दगडगोट्यांत.

तिथून बर्निना खिंडीकडे जाणारी रेल्वे पकडून ओस्पित्सियो बर्निना स्टेशनला चढता येतं. उंची २,२५३ मीटर, आणि दातेरी रूळ न वापरता. ही लाइन २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वर दोन तळी जवळजवळ चिकटून आहेत. लेय नाइरचं पाणी इन नदीतून डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्रात जातं, शेजारच्या लागो बियांकोचं पाणी इटलीत उतरून एड्रिअ‍ॅटिकला. लागो बियांकोच्या काठाचा रस्ता रुंद आणि छान आहे. खाली मोर्तेराचकडे उतरणारी वाट मात्र मधेमधे खडकाळ, ती माउंटन बाइकवाल्यांना सोडावी. मी गाडीनेच उतरते आणि त्याची लाज वाटत नाही.

पाट्यांबद्दल एक गोष्ट. पांढरं वर्तुळ, लाल कडा, आत काहीच नाही, अशी पाटी दिसली तर ती बंदी सायकललाही लागू असते. आत मोटारीचं आणि मोटरसायकलचं चित्र असेल तरच आपण जाऊ शकतो. आणि जवळचं स्विस नॅशनल पार्क, १९१४ पासूनचं, सायकलला पूर्ण बंद आहे. तिथे पायीच जायचं, तेही आखलेल्या वाटेनेच.

यायचं असेल तर जूनच्या मध्यापासून. त्याआधी सावलीतल्या भागात बर्फ सापडतं. ऑक्टोबरमध्ये लार्चची झाडं पिवळी होतात तेव्हा गर्दी ओसरलेली असते, पण सकाळी हातमोजे हवेत, आणि तोवर बरीच हॉटेलं हंगाम संपवून बंद झालेली असतात, तेव्हा डबा बरोबर घ्या. गावोगावच्या हौदांचं पाणी पिण्यासारखं असतं. नसेल तिथे तसं लिहिलेलं असतं.