प्रश्नपेढी, श्रीलिपी आणि हळदीचा भाव

सांगलीतल्या एका महाविद्यालयात मी बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवते, मराठी माध्यमातून. ऑनलाइन वर्ग आणि चाचण्या घ्यायचं सॉफ्टवेअर म्हणजे मूडल. ते घेतलं ते फुकट आहे म्हणून, हे आधीच कबूल करते. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगिआमास यांनी ते २००२ साली खुलं केलं. आमच्या जुन्या सर्व्हरवरही ते निमूट चढलं. विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, हेच युजरनेम, विद्यार्थ्यांच्या यादीची सीएसव्ही फाइल अपलोड केली, वर्ग तयार.

अडलं ते प्रश्नपेढीपाशी. वीस वर्षांचे प्रश्न वर्डमध्ये होते, पण सगळे श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये. मूडलमध्ये पेस्ट केले की 'मागणी'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी! त्या फॉन्टमध्ये दिसायला मराठी असतं, आत साठवलेले कोड भलतेच. फॉन्ट काढला की सोंग उतरतं. कन्व्हर्टरनं युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच राहणारं कोडिंग, करून घेतलं, तरी रफार आणि जोडाक्षरं एकेक करून तपासावी लागली. दिवाळीची सुट्टी त्यातच गेली. मग गिफ्ट फॉरमॅट, म्हणजे मूडलला प्रश्न एकगठ्ठा द्यायची साध्या मजकुराची पद्धत: महिरपी कंसात पर्याय, बरोबर उत्तराआधी =, चुकीच्या आधी ~. एकदा फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या पद्धतीत, सेव्ह करायला विसरले, तर प्रश्नांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं.

"मॅडम, एवढ्यात चार गठ्ठे तपासून झाले असते," लॅबमधला सहायक म्हणाला. खरंच होतं.

पहिली चाचणी ५४ जणांनी दिली, बहुतेकांनी मोबाइलवर. जतच्या एकानं तर एसटीत बसून. त्यात एक प्रश्न होता: 'हळदीचा भाव उतरला म्हणून एक किलोऐवजी दोन किलो घेतली, हे काय?' उत्तर, मागणीतील विस्तार. ३७ जणांनी 'वृद्धी' निवडलं होतं. मूडलच्या अहवालात कोणत्या पर्यायाला किती जण गेले, ते समोरच मांडलेलं असतं. इतकी वर्षं मी तिथं लाल रेघ मारून अर्धा गुण कापत आले. अख्खा वर्ग एकाच जागी घसरतोय, हे गठ्ठ्यात कधी दिसलंच नाही. माझी टिपणवही उघडली. व्याख्या दोन्ही होत्या, आकृती एकच. वृद्धीची.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन आकृत्या काढल्या. विस्तारात भाव उतरला की त्याच मागणी वक्रावरून खाली सरकायचं, वृद्धीत वक्रच उजवीकडे जातो.

"मॅडम, भाव तोच राहिला आणि लग्नसराईत हळद जास्त खपली, तर?" मागच्या बाकावरून आलं.

तिला म्हटलं, हाच प्रश्न टाइप करून पाठव. युनिकोडमध्ये.