साडेसाती, किल्लारी आणि "देवीचं काहीतरी राहिलं असेल"

आमच्या कळव्याच्या सोसायटीत कुणाच्या घरी काही वाईट झालं ना की डॉक्टरच्या आधी शेजाऱ्यांचं निदान तयार असतं. साडेसाती आहे, नवस फेडायचा राहिलाय, आणि जरा तरुण मंडळी असतील तर युनिव्हर्स तुम्हाला मेसेज देतंय.

साडेसातीचं गणित एकदा करून बघा, मजा येते. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो, आणि साडेसाती म्हणजे आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची. म्हणजे कधीही बघा, बारातल्या तीन राशींना साडेसाती चालूच असते. ठाणे लोकलमध्ये एका बाकावर चारजण बसलेत तर त्यातला एक साडेसातीत, बहुतेक चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला तो. मग कुणाचंही काही बिघडलं तरी कारण सापडणारच की.

हे हसण्यावारी नेलं असतं, पण आमच्या मजल्यावरच्या काकूंचं डायलिसिस सुरू झालं, आणि भेटायला आलेल्या एक बाई चहा पिता पिता म्हणाल्या, मुलाच्या लग्नानंतर देवीचा गोंधळ घातला होता ना? घातला नव्हता. तेव्हा पैसे नव्हते. त्या गेल्या, आणि काकू तेव्हापासून किडनीचं सोडून गोंधळाचाच विचार करतायत, म्हणजे आधी नुसता आजार होता, आता वर अपराधीपणा पण.

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाला, माणसं आदल्या रात्री गणपती विसर्जन करून झोपली होती. शिक्षाच द्यायची होती तर देवाने बरोबर तीच रात्र निवडली? हजारो माणसं गेली ती जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं जड छप्पर अंगावर पडून. आणि आपल्या इथलं घ्या, शीळफाट्याजवळची ती कोसळलेली अनधिकृत इमारत, एप्रिल 2013, 74 माणसं गेली. त्यात देवाचा मेसेज शोधायचा म्हणजे बिल्डरला आणि डोळेझाक करणाऱ्यांना सोडूनच द्यायचं.

मोठी माणसं पण यातून सुटलेली नाहीत. जानेवारी 1934 मध्ये बिहारला भूकंप झाला तेव्हा गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. टागोरांनी जाहीरपणे विरोध केला, आणि टागोर काय अस्पृश्यतेच्या बाजूचे नव्हते. हेतू कितीही चांगला असू दे, ढिगाऱ्याखाली दलितांची मुलं पण होतीच ना, त्यांना कसली शिक्षा?

यावर आई तुकोबांना पुढे करते. दुष्काळात धंदा बुडाला, बायको अन्न अन्न करत गेली, तरी ते म्हणाले, "बरें झालें देवा निघालें दिवाळें". बरोबर आहे, पण ते कोण म्हणतंय? ज्याचं दिवाळं निघालं तो. हेच वाक्य देहूतल्या एखाद्या सावकाराने त्यांच्या दारात जाऊन म्हटलं असतं तर? स्वतःच्या दुःखातून माणसाने काय अर्थ काढायचा तो काढावा, त्याला मी कोण नाही म्हणणार, पण दुसऱ्याच्या घरात जाऊन देवाची चिठ्ठी वाचून दाखवायचा अधिकार कुणी दिला? आईला हे फारसं पटलेलं नाही. ती म्हणते मग प्रारब्ध म्हणून काही नाहीच का, आणि तिथे आमचं भांडण अडकलंय.

काकू स्वतः कधीकधी म्हणतात, देवीनेच मला जरा शांत बसवलं, नाहीतर मी जन्मात बसले नसते. तेव्हा मी मान डोलावतो.

डायलिसिसच्या दिवशी सोबत कोण जाणार, रिक्षा कोण आणणार यासाठी आम्ही आता मजल्याचा व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय. बरा चाललाय. कालच त्यावर कुणीतरी शनीची पीडा टाळायचे उपाय फॉरवर्ड केलेत.