पारडगावचा फिकट चोचीचा कुरव

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे साडेपाचला नागपूरच्या दिघोरीहून निघालो. मी, शेजारचे काका आणि त्यांची जुनी दुर्बीण. उमरेड रोडने पारडगाव तलाव गाठला. गेलो होतो पट्टकादंबांसाठी, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेल्या पाहुण्या हंसांसाठी (bar-headed goose). ते दिसलेही, पण सगळी सकाळ खाल्ली ती एका कुरवानं (gull).

चिखलात एकटाच उभा होता. पांढरं डोकं, कानाशी काळसर ठिपका, मिटल्या पंखांवर तपकिरी चट्टे. म्हणजे पहिल्याच हिवाळ्यातलं पिल्लू. चोच फिकट नारिंगी, टोक काळं, डोळा गडद. मी लगेच वहीत ‘काळ्या डोक्याचा कुरव’ लिहून मोकळा झालो (नावातलं डोकं उन्हाळ्यातलं, हिवाळ्यात ते पांढरंच असतं).

काका म्हणाले, "घाई काऊन करून राह्यला बे? उडू दे न त्याले."

पाऊण तास बसलो. शेवटी एका कुत्र्यानं आमचं काम केलं. उडाल्यावर शेपटीची काळी पट्टी दिसली, वय पक्कं झालं. पण पंखांनी माझी नोंद खोटी ठरवली. काळ्या डोक्याच्या कुरवाला पंखाच्या पुढच्या कडेला, टोकाकडे, लांब पांढरी पाचर असते, अगदी पिल्लालाही. इथे टोक रुंद, गच्च काळं आणि त्याच्या आत पांढरा पट्टा. तपकिरी डोक्याचाच कुरव, लडाख-तिबेटकडून येणारा! प्रौढाच्या त्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असतात आणि डोळा फिका असतो. पिल्लात दोन्ही नसतं, तिथेच मी फसलो.

या दोघांच्या पिल्लांची चोच वय सांगते, जात सांगत नाही. त्यात सकाळच्या कोवळ्या उन्हात सगळ्याच चोची नारिंगी दिसतात, म्हणून रंगाची नोंद नऊनंतर करा. पलाश कुरव (Pallas's gull) ही तिसरी जात मात्र वेगळं प्रकरण आहे. तो साठ सेंटिमीटरच्या वर, हे दोघे चाळिशीच्या आसपास. त्याला प्रौढ व्हायला चार वर्षं लागतात, तोवर दर हिवाळ्यात रूप निराळं. जाड चोच आणि लांबट उतरतं कपाळ बघा.

जाणाऱ्यांनी पूर्वेच्या काठावर बसावं, ऊन पाठीशी राहतं. कॅमेऱ्याचं शटर १/१६०० सेकंदाहून संथ नको, आणि पक्षी उडताना सलग फोटो घ्या. त्यातल्या एखाद्याच फोटोत पंख नीट उघडलेला सापडतो. पक्ष्याला मुद्दाम उठवू नका, तो आपणहून उडतो. पाणी घरूनच न्या.

परतताना दिघोरीला तर्री पोहे. तर्री जपून, काकांच्या दुर्बिणीवरचे माझ्या बोटांचे डाग अजून निघालेले नाहीत.