आमची वाटचाल : खोली एक, खिडकीत खार

अलिबाग तालुक्यात चरीच्या बाजूला, खारीच्या (भरतीचं पाणी बांधाने अडवून केलेल्या जमिनीच्या) कडेला आमची पाहुण्यांची एकच खोली आहे. खिडकीतून जे भाताचं शेत दिसतं, ते आमचा आजा खोताचं कूळ म्हणून कसायचा. खोतांविरुद्धच्या 1933 च्या शेतकरी संपात तो होता. नारायण नागू पाटलांच्या शब्दावर पंचवीस गावांनी नांगर खाली ठेवला, तो सहा वर्षं उचलला नाही. आजीने मोळ्या विकून घर चालवलं. पुढे कूळकायदा झाला, सातबाऱ्यावर नाव लागलं. ‘तुम्हाला जमीन फुकटात मिळाली’ असं कुणी म्हटलं की अजून माझं डोकं सणकतं.

न्याहारी-निवासची नोंदणी केली, खोली सुरू झाली, बरी चालली. ते सोडा.

शेजारची खार एका पार्टीने घेतली. बंगला, पोहायचा तलाव, रात्री गाणी. आमची गिऱ्हाइकं तिकडे वळली, त्याचं वाईट वाटलं नाही. धंदा म्हटल्यावर चालायचंच. पण त्यांनी भराव टाकताना पाण्याचा चर बुजवला. उघाडी, म्हणजे बांधातलं झडपेचं दार, कशी चालते ते खारवाल्यांना सांगायला नको : भरतीचं पाणी झडपेला रेटून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. आतलं पाणी तिथवर पोहोचलंच नाही तर ती काय करणार? पाणी बांधाच्या पोटाशी तुंबलं, माती भिजून मऊ पडली आणि अवसेच्या उधाणाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला. खोलीच्या ओट्याला खारं पाणी लागलं.

ज्यांचं काम, त्या कार्यालयाने अर्जाची पोच दिली. माणूस दिला नाही. मग घरटी एक जण निघाला. ओहोटी सापडली ती रात्रीची. बॅटरीच्या उजेडात पेंढा अंथरायचा, वर चिकण चिखलाचे गोळे थापायचे, पायाने तुडवायचे, पुन्हा पेंढा. चुलतभावाने झडप उतरवली, कडेला रंधा मारला आणि परत बसवली. खोलीत पहिल्यापासून त्याची निम्मी भागी, पण त्या रात्री त्याने भागीचा हिशेब केला नाही. (झडपेला साधी लोखंडी बिजागरी लावू नका. गंजून जाम होते.)

मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे जातात. तोवर खिडकीत पांढरट, भेगाळलेली जमीन. पाहुणे फोटोतलं हिरवं शेत मागायचे आणि परत जायचे. दादरचे एक निवृत्त गुरुजी तेवढे दर लावणीला येत राहिले. पूर्ण भाडं द्यायचे, सकाळी बांधावरून फिरून यायचे आणि खेकड्यांनी कुठे बिळं पाडलीत ते मला येऊन सांगायचे. खारं सोसणारं भात म्हणून आधी राता पेरला, मग पनवेल-3.

गावात खोली काढणाऱ्या पोरांनो, एसी घेण्याआधी पाण्याचा उतार बघा. खांड वेळेत बांधा, नाहीतर शेतात कांदळ (खारफुटी) उगवेल आणि मग कायद्याने त्याला कोयता लावता येणार नाही.

चराचा अर्ज अजून पडून आहे. जुलैच्या तारखा गुरुजींच्या. बाकीच्यांनी ऑगस्टचं विचारावं.