साडेसातचा कॉल साडेआठला गेला

सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली आणि आज चिऊची शाळा सुरू झाली. सहाला गजर, सात दहाला व्हॅनकाका खाली हॉर्न वाजवणार, त्याआधी डबा, वेणी, पाण्याची बाटली आणि "बाबा माझी इतिहासाची वही कुठंय" हे सगळं उरकायचं. बायको बँकेत, तिला पावणेनऊला घर सोडावं लागतं, म्हणजे सकाळचं डिपार्टमेंट बहुतेक माझ्याकडेच. व्हॅन गेली की साडेसात ते साडेआठ हा माझा व्यायामाचा तास, निदान कागदावर तरी. आज त्या तासात मी काय केलं तर शंकरपाळ्यांचा डबा लॅपटॉपशेजारून उचलून फ्रिजवर ठेवला आणि पंधरा मिनिटांनी परत खाली काढला. फराळ उरलाय ना, टाकवत नाही, आणि आई म्हणते संपवून टाका एकदाचा. संपवणारा दिवसभर घरी असणारा एकच माणूस.

पण आजची खरी बातमी वेगळीच. माझा रोज संध्याकाळी कॉल असतो, न्यू जर्सीच्या क्लायंटबरोबर. अमेरिकेत काल पहाटे घड्याळं एक तास मागे झाली, नोव्हेंबरचा पहिला रविवार ना. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे परवापर्यंत आपले संध्याकाळचे साडेसात, आता साडेआठ. दरवर्षी होतं हे आणि दरवर्षी मी विसरतो. आपल्याकडे घड्याळाला कुणी हात लावत नाही, पण कोथरूडच्या एका तिसऱ्या मजल्यावरचं जेवण मात्र न्यू जर्सीच्या हिशोबाने सरकतं.

म्हणजे बघा, उन्हाळ्याच्या वेळेचं गणित काय सुंदर बसलं होतं. साडेसातला कॉल, सव्वाआठला मोकळा, साडेआठला चौघं एकत्र जेवायला, मग मी आणि चिऊ खाली शतपावलीला, कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपर्यंत जाऊन परत, साडेनऊला ती झोपणार. दिवसभर मी घरातच असतो खरा, पण घरातल्यांना मी मिळतो तो एवढाच सव्वा तास. आणि डॉक्टरांनी सांगितलेलं जेवणानंतरचं चालणं पण त्यातच व्हायचं. आता कॉल साडेआठला सुरू होऊन सव्वानऊला संपणार, म्हणजे जेवण, लेक आणि चालणं तिन्ही एका फटक्यात गेले, तेही थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत.

आईला म्हणलं आपण साडेसातला जेवू. ती म्हणाली, साडेसातला कुणी जेवतं का, आणि ती यायची असते ना बँकेतून. खरंय, बायको सव्वासात-साडेसातला दमून येते, आल्या आल्या पानावर बस कसं म्हणणार.

शेवटी आठ वाजता मी एकटाच जेवलो, ओट्याजवळ उभा राहून.

मंगळवार

ऑगस्टमध्ये रक्त तपासलं तेव्हा तीन महिन्यांची साखर ६.१ आली होती. ५.७ ते ६.४ म्हणजे सीमारेषा, ६.५ पासून पुढे डायबेटिस. बाबांना होता, त्यामुळे मी एरवीसारखं हसण्यावारी नेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या गोळी नको अजून, जेवल्यावर चालत जा आणि एका जागी बसू नका. मी म्हणलं घरून काम करतो. त्या म्हणाल्या म्हणूनच सांगतेय.

फोनमधली जुनी पावलं बघितली त्या रात्री. २०१९ साली हिंजवडीला ऑफिसात जायचो तेव्हा रोजची सात-आठ हजार सहज दिसतात. व्यायाम वगैरे काही नाही हां तेव्हा, नुसतं बसस्टॉपपर्यंत चालणं, गेटपासून बिल्डिंगपर्यंत चालणं, कँटीन, परत बसस्टॉप. शिव्या घालत केलेला व्यायाम. आता कुठल्याकुठल्या दिवशी अकराशे. अकराशे म्हणजे बेडरूम, ओटा, दार, बेडरूम. ते दहा हजाराचं टार्गेट मुळात कुठल्या डॉक्टरने दिलेलं नाही म्हणे, १९६५ साली जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं. मला ही माहिती फार आवडली, पण अकराशेला ती लावून काही उपयोग नाही.

२०२१ मध्ये घेतलेल्या सायकलवर सध्या टॉवेल वाळतात. योगा मॅट चिऊच्या भातुकलीखाली आहे. सूर्यनमस्कार बारा घालायचे ठरवतो आणि पाचव्याला मावशी येतात, त्यांना केर काढायचा असतो, "दादा जरा पाय" म्हणतात, मी आधीच जमिनीवर आडवा.

व्यायाम म्हणावं असं एकच काम रोज होतं, पार्सल. आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आणि सगळ्या बिल्डिंगला माहितेय की तिसऱ्या मजल्यावर एक पुरुष माणूस दिवसभर घरी असतो. त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्यांची औषधं, समोरच्यांचे बूट, खालच्या काकूंचा मिक्सर, सगळं माझ्या नावावर. सुरुवातीला एक आजोबा तर बायकोला हळू आवाजात विचारत होते, ह्यांची नोकरी ठीक आहे ना. आधी चिडचिड व्हायची, कॉल चालू असताना बेल. आता मी डिलिव्हरीवाल्याला वर बोलवत नाही, स्वतः खाली जातो. सत्तावन्न पायऱ्या आहेत, मोजल्यात. दोनदा चढलं की पर्वतीच्या १०३ पेक्षा जास्त होतात. आईला सांगितलं तर म्हणाली, पर्वतीला वर देव तरी आहे, तुझ्याकडे काय आहे, लॅपटॉप.

बुधवार

आज त्रिपुरी पौर्णिमा, तुळशीच्या लग्नाचा शेवटचा दिवस. रविवारीच उरकू म्हणत होतो पण रविवारी हे, सोमवारी ते, आणि आई म्हणाली आज नाही तर मग पुढच्या वर्षी. बाल्कनीतल्या वृंदावनाला आईने दुपारीच गेरू लावला, मी दोन कॉलच्या मधे मंडईत नाही पण पौड रोडला जाऊन ऊस, चिंचा, आवळे घेऊन आलो, ऊस स्कूटरवर आडवा धरून. वेळ ठरली सातची. बँकेला आज गुरुनानक जयंतीची सुट्टी, तरी बायकोला कामाला बोलावलेलं. साडेसहाला तिचा फोन, काम संपत नाहीये. ती आली सव्वाआठला. तिच्याशिवाय लग्न लावायला आई तयार नाही, आणि माझा कॉल साडेआठला.

मी म्हणलं तुम्ही लावून घ्या, मी आतून अक्षता टाकतो. आई काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा अवघड असतं. मग लॅपटॉप उचलून बाल्कनीच्या दारातच बसलो, हेडफोन लावला, म्यूट केलं. तिकडे चिऊने देवघरातला बाळकृष्ण हातात घेतलाय, शेजारच्या काकूंनी आणि बायकोने पंचाचा अंतरपाट धरलाय, आईने मंगलाष्टकं सुरू केली, खणखणीत आवाज आहे तिचा, शाळेत शिकवायची ना. आणि नेमका तेव्हा कॉलवर मला प्रश्न आला, रिलीज कधी. मी म्यूट काढून बोलायला तोंड उघडलं आणि मागून आई, शेजारच्या काकू आणि चिऊ तिघी एका सुरात, शुभमंगल सावधान. वर अक्षता, त्यातल्या दहा-बारा कीबोर्डवर. एक अजून त्या एंटरच्या बटणाखाली आहे, दाबलं की कुर्र होतं.

कॉलवर शांतता. मग पलीकडची क्लायंट बाई म्हणाली, कुणाचं लग्न आहे का? मी म्हणलं हो. अरे मग तू कॉलवर काय करतोयस, कुणाचं? आता काय सांगणार. म्हणलं, झाडाचं. बाल्कनीतल्या झाडाचं लग्न आहे, देवाशी. दोन सेकंद परत शांतता, मग तिने कॅमेरा फिरवायला सांगितला. तीन वर्षं काम करतोय हिच्याबरोबर आणि कॅमेरा मी कधी लावलेला नाही, मागे इस्त्रीचे कपडे असतात. फिरवला. आईने डोक्यावरून पदर घेतला आणि तिला नमस्कार केला, चिऊने बाळकृष्ण स्क्रीनला चिकटवून दाखवला. कॉल अकरा मिनिटांत संपला.

आईने सगळं आवरल्यावर एवढंच विचारलं, तिच्याकडे सकाळ होती का रे? हो. मग तिला चहा झाला होता का विचारायचंस.

गुरुवार

सकाळी दहा ते दोन लाईट नाही. इन्व्हर्टर साडेअकराला गेला. फोनच्या हॉटस्पॉटवर काम रेटत होतो, मग लॅपटॉप पण गेला. काहीच करता येत नाही म्हणून गच्चीत जाऊन चाललो, टाक्यांच्या भोवती, पंचेचाळीस मिनिटं. गुरुवारी पावलं ६,२००. लाईट गेल्यामुळे.

संध्याकाळी बरेच दिवस मनात होतं ते केलं. मॅनेजरला विचारलं की कॉल अर्धा तास आधी घेता येईल का. इतकी साधी गोष्ट विचारायला मला चार हिवाळे लागले ह्याची लाज वाटते, पण आमच्याकडे एक भीती बसलीय, की घरून काम करायला मिळतंय ना, मग अजून काही मागू नये, मागितलं तर चला हिंजवडीला. त्यामुळे रात्री अकराच्या मेलला पण लगेच उत्तर द्यायचं, दुपारी जेवताना पण हिरवा ठिपका हिरवाच ठेवायचा. ऑफिसात होतो तेव्हा सहा पन्नासची बस चुकू नये म्हणून बिनधास्त उठायचो, साहेब बोलत असले तरी. आता बसच नाही तर कुठल्या तोंडाने उठणार.

मॅनेजर म्हणाला तूच विचार क्लायंट बाईला. विचारलं. ती म्हणाली आधी जमणार नाही, तिकडच्या साडेनऊला ती मुलाला शाळेत सोडायला गेलेली असते, गाडीत असते. म्हणजे तिची पण व्हॅन. मी बरं म्हणून विषय सोडून देणार होतो. मग तिनेच लिहिलं, मंगळवार आणि गुरुवारी तसंही फारसं नसतं, त्या दिवशी मेलवर स्टेटस टाकत जा, कॉल नको. खाली एक ओळ, झाडाला शुभेच्छा सांग.

शनिवार

शुक्रवारी काही लिहिलं नाही, पाठ धरली होती. डायनिंग टेबलची खुर्ची आठ तास बसायला केलेली नसते, आठ मिनिटं जेवायला केलेली असते.

आज चिऊला घेऊन वेताळ टेकडी. दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी, बायको म्हणाली मला झोपू दे एक दिवस. बरोबरच आहे, तिने पाच दिवस बँकेतल्या लोकांची तोंडं बघितलेली असतात, तिला घर पाहिजे असतं, आणि मी पाच दिवस घराच्या भिंती बघितलेल्या असतात, मला दार पाहिजे असतं. असा सुट्टीचा शनिवार आला की आम्ही दोघं विरुद्ध दिशेला तोंड करून उभे. ह्यावरून आमची भांडणं झालीयेत, बारीकसारीक नाही, चांगली. हल्ली असं ठरलंय की अशा शनिवारी सकाळी मी आणि चिऊ बाहेर, रविवारी कुणीही कुणाला काही म्हणायचं नाही.

चिऊ चढताना दर दहा मिनिटांनी थांबते. पाणी, मग बुटात खडा, मग परत पाणी. खाणीजवळ मोर ओरडला तेव्हा कुठे गप्प झाली. पुण्यातली सगळ्यात उंच जागा ही, इथून पश्चिमेकडे चांदणी चौकाची बाजू दाखवली तिला. म्हणलं तिथे एक पूल होता, त्याच्याखाली मी रोज अर्धा-पाऊण तास अडकायचो. ती म्हणाली मग आता कुठे गेला? २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मध्यरात्री स्फोट करून पाडला, आणि मजा म्हणजे तेव्हा मी घरी सोफ्यावर बसून टीव्हीवर बघत होतो. इतकी वर्षं त्या पुलाला शिव्या घातल्या आणि तो गेला तेव्हा मला तिथून जायचंच नव्हतं.

ती म्हणाली, म्हणजे तू आधी रोज गावाला जायचास?

हो, जवळजवळ.

मंगळवार

पहिला बिनकॉलचा मंगळवार. आठ वाजता स्टेटसचा मेल टाकला, लॅपटॉप मिटला, आणि मिटल्यावर दोन मिनिटं काय करायचं कळेना. आई म्हणाली, लाईट गेले का?

साडेआठला चौघं जेवायला. मुगाची खिचडी, कढी, पापड. पापड दोन खाल्ले, तिसरा बायकोने नजरेनेच परत ठेवला. शंकरपाळ्या एकदाच्या संपल्या, तळाचा चुरा आईने मावशींच्या नातवाला बांधून दिला, म्हणजे निम्म्या मीच संपवल्या.

मग चिऊबरोबर खाली. फोन वरच राहिला, मुद्दाम नाही, चार्जिंगला होता. टपरीपर्यंत जाता जाता तिने शाळेतलं सगळं सांगितलं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या डब्यात काय, बाईंनी कुणाला उभं केलं. आठवडाभराचा साठा होता, टपरी आली तरी संपेना म्हणून पुढच्या चौकापर्यंत गेलो, तिथून परत. किती पावलं झाली कुणास ठाऊक, फोन वर.

येताना ती पायऱ्या मोजत चढली. चोपन्न झाल्या म्हणाली. मी म्हणलं सत्तावन्न आहेत, मी रोज मोजतो. ती म्हणे तू खालच्या तीन दोनदा मोजतोस. दारात उभं राहून वाद, आई आतून ओरडली की दार लावा, डास येतात. उद्या परत मोजू असं ठरलं, मग आठवलं उद्या बुधवार. परवा मोजू.