सेकंदाच्या दोनशेव्या भागातला चेहरा

गेले वर्षभर मी कोल्हापुरातल्या गाण्याच्या कार्यक्रमांची छायाचित्रे काढतो आहे. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी तयार कास्टिंगची तपासणी करतो आणि संध्याकाळी कार्यक्रम असेल त्या दिवशी कॅमेऱ्याची पिशवी घेऊन परस्पर सभागृहात जातो. या वर्षात काढलेल्या एका छायाचित्राला, ते ज्यांचे आहे त्या ज्येष्ठ गायिकेने हरकत घेतली. ती हरकत मी तत्काळ मान्य केली. परंतु ती पूर्णपणे पटली असे मला अजूनही म्हणता येत नाही, आणि ती चुकीची होती असेही म्हणता येत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. शाहू महाराजांनी उभारलेल्या आणि १९१५ साली खुल्या झालेल्या त्या रंगमंचावर छायाचित्रे काढण्याची संधी मला मिळाली नाही, कारण मी या छंदाकडे वळलो तो त्यानंतर. त्यामुळे माझे वर्ष शाहू स्मारक भवन, देवल क्लब, मंडळांचे मांडव, दिवाळी पहाट आणि त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटेचा पंचगंगा घाट यांतच गेले. भावगीतांच्या कार्यक्रमात छायाचित्रकाराला फारसे कष्ट नसतात. गायक उभा असतो, प्रेक्षकांकडे पाहतो, दोन गाण्यांच्या मध्ये निवेदन असते आणि तेवढ्या वेळात जागा बदलता येते. ख्यालाच्या बैठकीत यातले काहीच मिळत नाही. एकदा बसलो की टाळ्या पडेपर्यंत हलायचे नाही, म्हणून बसण्याची जागा आधीच नीट निवडावी लागते. गायकाच्या उजव्या हाताला तबला आणि डाव्या हाताला संवादिनी असते. मी शक्यतो संवादिनीच्या बाजूला, मंचाच्या पायथ्याशी जमिनीवर बसतो, कारण तिथून गायकाचा चेहरा आणि त्यामागे तबलजीचा चेहरा एका चौकटीत येतो, आणि मायक्रोफोन ओठांच्या आड येत नाही.

कार्यक्रमांतील प्रकाशयोजनेविषयी मात्र मला सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण वर्षभरात सर्वांत जास्त त्रास तिनेच दिला. पूर्वी मंचावर हॅलोजनचे दिवे असत. त्यांची तार तापलेली असते आणि विजेच्या प्रत्येक चढउताराबरोबर ती थंड होत नाही, त्यामुळे प्रकाश जवळपास स्थिर राहतो. आता सर्वत्र एलईडीचे ‘पार’ दिवे, म्हणजे मंचावर झोत टाकणारे गोल दिवे, आले आहेत. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि मंद केलेला दिवा तर स्वतःच्या निराळ्याच गतीने चालू-बंद होत राहतो. डोळ्यांना हे कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. ख्यालाच्या आलापीत यांत्रिक शटरचा खटका वाजवणे हा गुन्हा आहे असे मी मानतो, म्हणून मला आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरावे लागते. आणि साध्या कॅमेऱ्यातले हे शटर सेन्सरची एकेक ओळ वाचत वरून खाली येते. तेवढ्या वेळात दिवा अनेकदा उजळून मंदावलेला असतो, त्यामुळे गायकाच्या कपाळावर, गालांवर आणि पांढऱ्या सदऱ्यावर आडवे काळे पट्टे उमटतात. शटर १/१०० सेकंदावर आणले की प्रत्येक ओळीला दिव्याचे एक संपूर्ण आवर्तन मिळते आणि बहुतेक पट्टे जातात, पण मग तबलजीची बोटे आणि गायकाचा फिरणारा हात पुसट होतो. शिवाय जांभळ्या-निळ्या दिव्यांत चेहऱ्याचा निळा घटक इतका भरून जातो की गालाची ठेवणच उरत नाही. मैफलींची कृष्णधवल छायाचित्रे पाहून लोक त्यातल्या कलात्मकतेचे कौतुक करतात. त्यांपैकी पुष्कळशी केवळ जांभळ्या दिव्यातून चेहरा वाचवण्यासाठी कृष्णधवल केलेली असतात.

एका दिवेवाल्याला मी विनंती केली, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, साधा लाईट लावला तर लोकांना वाटतंय, कार्यक्रमाला खर्चच केला न्हाई.” त्याचा दोष मी मानत नाही. आयोजकांना मंच झगमगलेला हवा असतो. त्यांना छायाचित्रेही दीपप्रज्वलनाची आणि शाल-श्रीफळ देणाऱ्या पाहुण्यांची हवी असतात. गाणे सुरू झाल्यावर ते आपापल्या फोनकडे वळतात. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात दरबारगायक होते आणि त्यांचे पुत्र भूर्जी खाँसाहेबांनी ज्या गावात राहून शिष्य घडवले, त्या गावातील आयोजकांकडून मला याहून अधिक अपेक्षा आहे.

ज्या मैफलीविषयी मी लिहितो आहे, तिथे हा प्रश्न उद्भवलाच नाही. बाई — त्यांना सगळे बाईच म्हणतात, मीही तेच म्हणतो — जयपूर-अत्रौली परंपरेत शिकलेल्या. सायंकाळी आवाजाच्या तपासणीला आल्याबरोबर त्यांनी सगळे रंगीत दिवे बंद करायला लावले आणि कोपऱ्यात पडलेले दोन जुने हॅलोजन समोरून लावून घेतले. “साथीदारांची तोंडं मला दिसली पाहिजेत आणि माझं त्यांना,” एवढेच त्या म्हणाल्या. माझ्यासाठी ती पर्वणी होती. स्थिर, पिवळसर, सलग प्रकाश होता. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर, आयएसओ ३२०० आणि शटर १/२०० सेकंद, तेही निःशब्द आणि एकही पट्टा न उमटता. संपूर्ण वर्षात ही मांडणी मला इतक्या निर्धास्तपणे क्वचितच वापरता आली.

बाईंनी नायकी कानडा हा राग मांडला. या परंपरेत विलंबित ख्यालही बहुधा तीनतालात, जरा चालत्या लयीत असतो, आणि लहानपणी तबल्याच्या परीक्षांपुरते शिकलेले असल्यामुळे मला सोळा मात्रा मनात धरून बसता येते. माझ्या मते मैफलीच्या छायाचित्रकाराला लेन्सच्या खालोखाल गरज आहे ती याच गोष्टीची. तान कुठून सुटली आणि मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, कोणत्या मात्रेला उचलला जातो, हे लक्षात आले की समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचा, क्षण आधी कळतो. गायकाचा चेहरा त्या क्षणी सैल होतो, तबलजी मान उचलतो, समोरच्या दोन-तीन जाणकारांचे हात वर जातात. बोट आधीपासून शटरवर ठेवता येते, नुसते दाबून धरून नशिबावर सोडावे लागत नाही.

बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, पूर्ण होऊन ताना सुरू झाल्यावर बाईंनी तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, भिडणारी एक लांब गमकेची, म्हणजे स्वर जोराने हलवत घेतलेली, तान घेतली. जयपूरच्या गायकीत आकार, म्हणजे ‘आ’चा उच्चार, मोकळा लागतो. तोंड चोरून ही तान निघत नाही. ती वर चढत असताना मी काही छायाचित्रे घेतली आणि समेवर आणखी एक घेतले. घरी आल्यावर रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ, संस्कार न केलेल्या फाइली, उघडल्या, तेव्हा तानेच्या ऐन टोकावरचे ते एक छायाचित्र पाहून मी बराच वेळ पुढे गेलो नाही. जबडा डावीकडे किंचित ओढला गेलेला, वरच्या दाढांपर्यंत उघडलेले तोंड, मिटलेले डोळे, कानाखालून गळपट्टीपर्यंत दोन शिरा दोरीसारख्या ताठ, आणि हनुवटीखाली घामाचा एक थेंब सुटण्याच्या बेतात. मागे धूसर झालेला तबलजी बाईंच्या तोंडाकडे पाहत होता. वर्षभर मी ज्याच्या शोधात होतो ते हेच आहे, असे मला त्या रात्री वाटले आणि आजही वाटते.

छायाचित्रे आयोजकांना देण्याआधी कलाकाराला दाखवावीत, असा माझा नेम आहे. बाईंच्या घरी मी ती लॅपटॉपवर दाखवली. त्या छायाचित्राशी त्या थांबल्या. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

“फोटो चांगलाच आहे,” त्या म्हणाल्या. “पण हा बाहेर देऊ नका.”

मी कारण विचारले. मला वाटले होते, वयाचा किंवा रूपाचा प्रश्न असेल. त्या म्हणाल्या, “आमच्या गुरुजींनी मला पहिली दोन वर्षं आरशासमोर बसवून गायला लावलं. तान कितीही अवघड असू दे, तोंडावर तिचं ओझं दिसता कामा नये. शार्ङ्गदेवानं गायकाचे पंचवीस दोष सांगितलेत, त्यातले कितीतरी नुसतं तोंड बघून कळतात. तुम्ही त्यातले तीन-चार एकाच फोटोत धरलेत.”

घरी येऊन मी ते पाहिले. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकर’ या संगीतशास्त्राच्या ग्रंथात ही यादी आहे. भयंकर तोंड वासून गाणारा तो कराली, मान वाकडी करणारा वक्री, चेहऱ्यामानेच्या शिरा फुगवणारा झोंबक, डोळे मिटून गाणारा निमीलक. बाईंच्या म्हणण्यात तसूभरही अतिशयोक्ती नव्हती.

आयोजकांनी मात्र तोपर्यंत माझ्या फोनवर ते छायाचित्र ओझरते पाहिले होते आणि त्यांना ते स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर हवे होते. बाईंचा नकार सांगितल्यावर त्यांच्यापैकी एक गृहस्थ म्हणाले, “त्यांना गाण्यातलं कळतंय, फोटोतलं तुम्हाला कळतंय. द्या तुम्ही.” हे बोलणे मला अजिबात आवडले नाही. ज्यांच्या गाण्यावर संस्था आपला लौकिक मिरवते, त्यांच्या चेहऱ्यावरचा त्यांचा अधिकार इतक्या सहज बाजूला सारणारी माणसे सांस्कृतिक कार्यात असावीत, याचे मला वाईट वाटते. छायाचित्र मी दिले नाही. समेवरचे दिले, ज्यात बाईंचा चेहरा प्रसन्न आहे आणि हात मांडीवर उतरतो आहे. बाईंनी पसंत केलेलेही तेच होते.

तरीही माझ्या मनात बाईंशी वाद चालूच राहिला. मैफलीला बसलेल्या कोणीही तो चेहरा पाहिला नव्हता. सेकंदाचा दोनशेवा भाग डोळ्याला वेगळा काढता येत नाही. श्रोत्यांना चढत जाणारी तान ऐकू आली आणि तिच्याबरोबर हलणारा एक चेहरा दिसला, त्यातला ताण कोणालाही जाणवला नाही. मग माझ्या छायाचित्रात जे आहे ते त्या मैफलीचे सत्य म्हणायचे की कॅमेऱ्याने मैफलीतून कापून काढलेला एक तुकडा? बाईंचे गाणे काळात पसरलेले आहे आणि त्याचे मूल्यमापन त्या पसाऱ्यातच झाले पाहिजे, असे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. माझ्या बाजूने असे म्हणता येईल की त्या वयात ती तान घेण्यासाठी शरीराला काय करावे लागते, हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने दिसत नाही, आणि ते पाहिल्यावर माझा त्यांच्याविषयीचा आदर वाढला. शिवाय आजच्या श्रोत्यांना मिटलेले डोळे तल्लीनतेची खूण वाटतात, प्रत्येक जाहिरातीत गायकाचे डोळे मिटलेले असतात, आणि ग्रंथ मात्र त्याला दोष म्हणतो. म्हणजे चेहरा कसा वाचायचा, याचा निवाडा कायमचा झालेला नाही.

एवढ्यावर हे थांबले असते तर मी कदाचित लिहिले नसते. परंतु त्या दिवशी निघताना बाई म्हणाल्या होत्या, “मला त्याची एक प्रत मोठी करून द्या. रियाजाच्या खोलीत लावते. जबडा डावीकडे जातोय, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.” मी बारा बाय अठरा इंचाची मॅट प्रत काढून दिली. त्यांच्या एका शिष्येकडून नंतर कळले की तंबोऱ्याच्या वर ती खरोखरच लावलेली आहे, आणि बाई रोज तानांच्या रियाजाला तिच्याकडे तोंड करून बसतात.

काही महिन्यांनी एका घरगुती बैठकीत बाईंनी पुन्हा नायकी कानडा गायला. खिडकीजवळच्या एका साध्या दिव्याचा उजेड होता, लेन्स तीच होती, मी त्याच बाजूला बसलो होतो. ती तान पुन्हा येणार हे मला माहीत होते, आणि ती आली. त्या वेळची सगळी छायाचित्रे मी पुढच्या रविवारी एकेक करून पाहिली. जबडा सरळ आहे, डोळे उघडे आहेत, मानेवरच्या शिरा जेमतेम दिसतात. शार्ङ्गदेवाला दाखवता आली असती अशी ती छायाचित्रे आहेत, आणि चांगलीही आहेत.

दोन्ही मैफलींचे ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे, ते मी अनेकदा लागोपाठ ऐकले. दुसऱ्या वेळची तान अधिक स्वच्छ आहे, प्रत्येक स्वराचा दाणा सुटा आहे, स्वर अधिक नेमके लागले आहेत. पहिल्या वेळच्या तानेत षड्जाला भिडण्याआधी एक जोर आहे, जणू स्वर वर नेण्याऐवजी ढकलला जातो आहे, आणि तो मला दुसरीत ऐकू येत नाही. माझ्या परिचयाचे एक तबलावादक दोन्ही ऐकून म्हणाले की दुसरी निःसंशय वरची आहे आणि पहिलीतला जोर हा श्वास कमी पडल्याचा आहे. त्यांचा कान माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे. तरी मी पहिलीच पुन्हा पुन्हा लावतो, आणि आपण छायाचित्र आधी पाहिले म्हणून तो जोर आपल्याला ऐकू येतो की तो खरोखर तिथे होता, हे मला ठरवता येत नाही.

बाईंनी दुसऱ्या बैठकीची सर्व छायाचित्रे पाहिली आणि त्यांतले एकही नाकारले नाही. पहिल्या तानेविषयी मी त्यांना अजून विचारलेले नाही. विचारायचे आहे, पण त्याआधी त्यांनी दोन्ही मुद्रणे छायाचित्रांशिवाय ऐकावीत अशी माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी त्यांच्याकडे या महिन्यात वेळ मागितला आहे.