जनगणनेचे आकडे आणि संदर्भ विभागातला संगणक

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जनगणनेचे आकडे मागायला येतात ते बहुतेक भूगोल आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी. तालुक्याची साक्षरता, एखाद्या गावाची लोकसंख्या, एवढंच हवं असतं. त्यासाठी जिल्हा जनगणना पुस्तिकेची पीडीएफ उघडून पानं सरकवत बसायचं. त्याऐवजी संदर्भ विभागाच्या संगणकावर काहीतरी धड बसवायचं काम माझ्याकडे आलं.

क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर सगळ्यांच्या मनात भरलं, नकाशा रंगतो ना! पण एका आकड्यासाठी काउंटरवर ताटकळलेल्याला नकाशा काय कामाचा? आर आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा ज्याला येतात तो आमच्याकडे कशाला येईल? शेवटी लिब्रे ऑफिस कॅल्क हे एक्सेलसारखं सॉफ्टवेअर ठेवलं. फुकट आहे, आणि प्रायमरी सेन्सस अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या, म्हणजे जनगणनेच्या मूळ आकड्यांच्या तक्त्यांच्या, एक्सेल फाइली त्यात तशाच उघडतात.

खरं काम त्या फाइली ओळखण्याचं होतं. राज्य, जिल्हा, तालुका, गाव अशा सगळ्या पातळ्यांच्या ओळी एकाखाली एक. त्यात पुन्हा एकूण, ग्रामीण, शहरी अशा वेगळ्या. सरसकट बेरीज केली तर तीच माणसं कितीदा तरी मोजली जातात. म्हणून पातळी आणि ग्रामीण-शहरी या दोन रकान्यांवर फिल्टर लावूनच फाइल सेव्ह करून ठेवली.

साक्षरतेचा रकाना तर फसवाच. तिथे साक्षरांची संख्या असते, टक्के नसतात. २०११ची महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ आणि साक्षर ८,१५,५४,२९०. सरळ भागाकार केला की सुमारे ७२.६ टक्के येतात, अधिकृत आकडा मात्र ८२.३४. कारण हा दर सात वर्षं आणि त्यावरच्यांचा असतो. शून्य ते सहा वयाची मुलं आधी वजा करावी लागतात. ते सूत्र मी शेजारच्या रकान्यात घालूनच ठेवलंय.

पालघरचं विचारणारे हमखास येतात. तो जिल्हा २०१४चा, त्यामुळे २०११च्या फाइलीत त्याचं नावच नाही. ठाण्याच्या १५ तालुक्यांतून वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड निवडायचे. बेरीज २९,९०,११६ येते. उरलेले सात तालुके मिळवून १,१०,६०,१४८ भरले की जुना ठाणे जिल्हा पुरा झाला. हा ताळा मी विद्यार्थ्यांनाच करायला लावते.

पाणी, रस्ते, शाळा यांची माहिती गावसूचीच्या वेगळ्या फाइलीत असते. ती गावाच्या कोडवरून जोडायची, नावावरून नाही. खुर्द-बुद्रुकच्या गर्दीत नावाचा भरवसा धरता येत नाही. २००१शी तुलना हवी असेल तर कोडवरून जोडायचीही सोय नाही, कारण तेव्हाचे गावकोड वेगळे. अशा वेळी दोन्ही वर्षांच्या पुस्तिका शेजारी उघडून, तालुक्यागणिक हाताने जुळवणी करतो.